टाकीला परकी म्हणू नका

मराठी भाषा गौरव दिनाची सभा होती, आमच्या रामटेकातच. वक्ते तळमळीने बोलत होते. मराठीत घुसलेल्या इंग्रजी शब्दांची यादी त्यांनी करून आणली होती आणि प्रत्येक शब्दासमोर एक शुद्ध मराठी शब्द लिहिलेला होता. टेबल झाले, बस झाली, सायकल झाली आणि मग ते 'टाकी'वर आले. "टाकी हा टँकचा अपभ्रंश आहे," ते म्हणाले. "इंग्रजांनी टँक बांधले, आपल्या लोकांना तो शब्द नीट म्हणता आला नाही, त्याची टाकी झाली. यापुढे जलकुंभ म्हणा." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एक निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांनी वहीत 'जलकुंभ' असे लिहून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या दोन रेघा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. वक्त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मराठीसाठी पदरमोड करून गावोगाव फिरणारी माणसे आता थोडीच उरली आहेत आणि हे त्यांपैकी एक आहेत. पण त्यांनी जे सांगितले ते चूक आहे. परका शब्द आपला समजून वापरला तर फारसे बिघडत नाही. आपला शब्द परका ठरवून हाकलला की तो परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याची सगळी भावकी निघून जाते.

आधी काळाचा हिशेब करू. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यात गडकिल्ल्यांचे प्रकरण आहे. पाणी पाहून गड बांधावा आणि पाणी नसलेल्या जागी गड बांधणे भागच पडले तर आधी खडक फोडून तळी, टाकी मजबूत करून घ्यावीत, असे अमात्य तिथे बजावतात. 'टाकी' हाच शब्द आहे तिथे, 'टाके'चे अनेकवचन. त्या वेळी इंग्रज मुंबईच्या बेटावर आपला व्यापार सांभाळून होते. शनिवारवाडा अजून बांधलाही नव्हता. पुण्याचे राज्य जायला शंभर वर्षे बाकी होती आणि आमचे नागपूरचे राज्य खालसा झाले ते १८५४ साली. स्वराज्याच्या अमात्याने गड राखण्याच्या आज्ञेत लिहिलेला शब्द साहेबाचा उच्चार न जमल्यामुळे जन्मला, असे म्हणायला कुठे जागा उरते?

दुसरा पुरावा तर इंग्रजांच्याच हातचा आहे. मोल्सवर्थचा मराठी कोश पहिल्यांदा १८३१ साली छापला. त्यात 'टांकें' हा मराठी शब्द म्हणून दिला आहे आणि पाण्याचा साठा असा त्याचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगितला आहे. महसुली आणि न्यायालयीन शब्दांचा विल्सनचा कोश १८५५चा. त्यानेही हा शब्द मराठी म्हणून नोंदवला, गुजरातीतला त्याचा भाऊ शेजारी ठेवला आणि याच प्रकाराला हिंदुस्थानातले गोरे लोक टँक म्हणतात, असे लिहिले. ज्यांच्याकडून आपण शब्द उसना घेतला म्हणतात, त्यांनीच तो आपल्या नावावर लिहून ठेवला आहे.

मग 'टाकी' हे एकवचन कुठून आले? शुद्धीवाद्यांचा खरा संशय इथेच असतो. टाके जुने असेल, पण टाकी इंग्रजीच, असे ते म्हणतात. पण टोपल्यापासून टोपली होते तशी टाक्यापासून टाकी होते. मोठे ते टोपले, लहान ती टोपली. मराठीची ही रोजची घडण आहे. गुजरातीतही लहान साठ्याला टांकी म्हणतातच. इंग्रजी काळात लोखंडी पत्र्याचे उंचावरचे हौद आले, पुढे सिमेंटचे आले, आता प्लास्टिकचे काळे पिंप प्रत्येक गच्चीवर बसले आहे. या नव्या वस्तूंना नाव देताना लोकांच्या कानावर टँक पडत होताच, हे मी मान्य करतो. अर्थाला इंग्रजीचा वारा लागला असेल. पण तोंडात शब्द आधीच होता, म्हणून तर तो इतक्या सहज बसला. लोकांना टँक म्हणता येत नव्हते, हे तर मुळीच पटत नाही. तीच माणसे बँक म्हणतात आणि बँकेची बाकी होत नाही.

आता दुसरा आक्षेप. तो अधिक अभ्यासू मंडळी घेतात, म्हणून त्याला अधिक जागा देतो. ते म्हणतात, इंग्रजी नाही, पण पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजात पाण्याच्या साठ्याला 'तांक' म्हणतात, आणि बटाटा, पगार, चावी, साबण, घमेले असे कितीतरी शब्द आपण त्यांच्याकडून घेतले, तसाच हाही घेतला.

या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. पाणी अडवणे या अर्थाचे 'एस्तांकार' हे क्रियापद पोर्तुगीजात आणि स्पॅनिशात आहे. अडवलेल्या पाण्याला स्पॅनिश लोक 'एस्तांके' म्हणतात. अमेरिकेतल्या टेक्सासात गुरांना पाणी पाजायच्या मातीच्या तळ्याला आजही टँक म्हणतात, तो शब्द तिकडूनच गेला असावा. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, त्या सफरीच्या वृत्तांतातच तिथल्या बांधीव तळ्यासाठी हा शब्द येतो. जहाजातून उतरल्या उतरल्या कोणी इथला शब्द शिकून लिहीत नाही. म्हणजे तो शब्द त्यांनी घरून आणला होता. पोर्तुगीजांनी तो आपल्याकडूनच नेला, असे सांगणारे इंग्रजी कोश आहेत. आपल्या अभिमानाला ते गोड वाटते, पण मला ते टिकणारे वाटत नाही. तसेच 'तडाग' या संस्कृत शब्दापासून टाके आले, अशीही एक सूचना कोशांतून फिरत असते. तीही कच्चीच. तडागापासून आपल्याला तळे मिळाले, तलाव मिळाला. त्याच शब्दाला अनुस्वार चिकटून 'ग'चा 'क' होऊन टांके कसे झाले, हे कोणी दाखवलेले नाही. आपल्या बाजूने बोलणारा पुरावा अधू असेल तर तो आपणच बाजूला ठेवावा.

तरीही टाके पोर्तुगीज नाही, असे मी म्हणतो. त्याचे कारण शब्दाच्या अर्थात आहे. पोर्तुगीज शब्दाचे मूळ पाणी अडवण्यात आहे. वाहते पाणी थांबवले की त्यांचा तांक झाला. आपले टाके अडवलेले नसते, ते खोदलेले असते. शिवनेरीवरची गंगा-जमुना पाहा, सिंहगडावरचे देवटाके पाहा. कुठेही ओढा अडवलेला नाही, कातळात पोकळी कोरलेली आहे. राजस्थानच्या वाळवंटात अंगणाखाली पावसाचे पाणी साठवतात, त्याला टांका म्हणतात. अहमदाबादच्या जुन्या पोळींतल्या घरांच्या चौकाखाली असते ते टांकू. तेही जमिनीच्या पोटात. मारवाडच्या आतल्या गावांत पोर्तुगीज कधी राज्य करायला गेले नाहीत. समुद्रकाठी उतरलेला शब्द वाळवंटापर्यंत पोहोचावा आणि वाटेत आपला 'अडवण्याचा' अर्थ टाकून सगळीकडे एकसारखा 'खोदण्याचा' अर्थ धरावा, हे मला अशक्य वाटते.

शिवाय शब्द आपला की परका हे ओळखायची एक जुनी खूण आहे. त्याचे गोत पाहावे. बटाटा एकटाच आला, त्याला मराठीत ना मूळ धातू, ना चुलत भाऊ. टाक्याचे गोत मात्र घरभर पसरलेले आहे. संस्कृतात टंक म्हणजे दगड फोडायचे हत्यार. पाथरवटाच्या हातातल्या छिन्नीला आपण टाकी म्हणतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण पोराटोरांना पाठ असते. तिथे टाकी म्हणजे पाण्याची नव्हे हे कोणाला सांगावे लागत नाही. नाणी पाडायची ती टाकसाळ. अक्षरे उमटवायची ते टंकलेखन. टाकीने जे खोदले ते टाके, हा माझा अन्वय आहे. तो शंभर टक्के सिद्ध झाला असे मी म्हणत नाही, पण दुसऱ्या कोणत्याही अन्वयापेक्षा तो कातळावर जास्त घट्ट उभा आहे.

याच गोतातला आणखी एक शब्द मी लहानपणी रोज ऐकला. दुपारच्या वेळी डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया गल्लीतून आरोळी देत जात, "पाटा टाकवून घ्याऽऽ, जातं टाकवून घ्याऽऽ." वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की मिरची त्यावरून निसटायला लागे. मग आजी त्या बाईला ओट्यावर बसवायची. बाई पाटा दोन पायांत धरायची, डाव्या हातात टाकी, उजव्या हातात हातोडी. टक टक टक असा आवाज दुपारभर चाले आणि दगडावर बारीक खड्ड्यांच्या तिरप्या ओळी उमटत जात. दगडाची पांढरी भुकटी तिच्या भुवयांवर बसे. शेवटी आजी पाट्यावर तळहात फिरवून बघायची आणि ओंजळभर ज्वारी जास्तच द्यायची. हे काम म्हणजे 'टाकणे'. फेकणे या अर्थाचे टाकणे वेगळे, हे वेगळे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेले चार खंड १९१६ साली निघाले. त्यांत टाकणकारांची नोंद आहे आणि जाते टाकण्याच्या या कामावरूनच त्यांना ते नाव पडले, असे सांगितले आहे. एका धातूवरून हत्यार, हत्यारावरून काम, कामावरून माणसांच्या समूहाचे नाव! इतका खोल गेलेला शब्द परका असू शकत नाही.

माझ्या म्हणण्यातली अडचणही मला इथेच मांडली पाहिजे. सह्याद्रीतली कोरीव टाकी दोन हजार वर्षांची आहेत, पण ती कोरवून घेणाऱ्या दात्यांनी त्यांना टाके म्हटलेले नाही. नाणेघाटात, कान्हेरीला, जुन्नरला प्राकृत लेखांत 'पोढी' हा शब्द आहे. पाणी पिण्याची पोढी दान केली, असे ते लेख सांगतात. म्हणजे वस्तू तीच राहिली आणि मधल्या काळात तिचे नाव बदलले. विरोधक म्हणतील, हे नाव पोर्तुगीजांनीच बदलले. मी म्हणतो, पोढी गेली कधी आणि टाके आले कधी, याच्या मधे हजार-बाराशे वर्षे पसरलेली आहेत, आणि तेवढ्या काळात महाराष्ट्र नि गुजरात एकमेकांच्या अंगणात ये-जा करत होते. त्याची एक आठवण रामटेकलाच आहे. चक्रधरस्वामी गुजरातचे. रामटेकच्या यात्रेला जातो म्हणून ते घरातून निघाले, ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंपाशी थांबले आणि मराठीत जे बोलले त्यावर आपले आद्य गद्य उभे राहिले. तेराव्या शतकात भडोचेकडचा तरुण आमच्या टेकडीचे नाव घेऊन निघत होता. गुजराती टांकू आणि मराठी टांके यांची भेट घडवायला कालिकतहून कोणाला यावे लागले नाही.

इंग्रजी टँकविषयीही बोलले पाहिजे, कारण खरे नुकसान तिथे झाले आहे आणि त्याकडे सभेत कोणी बोट दाखवले नाही. सतराव्या शतकात इंग्रज प्रवाशांच्या लेखनात हा शब्द शिरला, तो आपल्या किनाऱ्यावरचे टांके आणि पोर्तुगीज तांक या दोहोंच्या मिश्रणातून. यूल आणि बर्नेल यांच्या हॉब्सन-जॉब्सन या १८८६च्या कोशात त्याचा उगम दुहेरी दिसतो, असे प्रांजळपणे म्हटले आहे, आणि मला ते मान्य आहे. पुढे तो शब्द कुठल्या कुठे गेला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये पोलादी रणगाडे बनत होते तेव्हा गुप्तता राखण्यासाठी ती पाणी वाहायची भांडी आहेत असे भासवले गेले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ते पहिल्यांदा चालून गेले आणि टँक हे नाव त्यांना कायमचे चिकटले. ज्या वर्षी रसेलच्या खंडांत पाटे टाकणाऱ्यांची नोंद छापली गेली, त्याच वर्षी.

पण इथे, आमच्याकडे, सरकारी दप्तरात या शब्दाने एक वेगळेच काम केले. पाणी साठलेले दिसले की साहेब टँक लिहायचा. रामटेकच्या भोवती एक फेरी मारली तरी कळेल की त्याने किती निरनिराळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या. टेकडीच्या पायथ्याशी अंबाळा. चहूबाजूंनी घाट, काठावर देवळे, पिंडदानाला आलेली कुटुंबे. अंब नावाच्या राजाचे कोड या पाण्याने गेले, ही कथा इथले प्रत्येक पोर सांगते. ते तीर्थ आहे. पलीकडे कपूर बावडी. तिच्या पाण्याला लागून देवळाचे खांब उभे आहेत, ती बावडी आहे. दोन टेकड्यांच्या खिंडीत मातीचा बांध घालून इंग्रजी अमलात केलेला, १९१३च्या सुमारास पुरा झालेला खिंडसीचा प्रचंड जलाशय, ते धरण आहे. मनसरला टेकडीच्या पायथ्याशी आहे तो तलाव. टेकडीवरच्या केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटकांच्या काळचा फुटका शिलालेख आहे, त्यात सुदर्शन नावाचा जलाशय बांधल्याचा उल्लेख आहे. गिरनारच्या प्रसिद्ध तलावाचे हेच नाव. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी इथले लोक पाण्याला माणसासारखे नाव ठेवत होते. दप्तरात हे सगळे टँक. अंबाळा टँक, रामटेक टँक, मनसर टँक.

आणि शेतातली बोडी? चार-सहा एकरांच्या धानाला एक पाणी देणारी, चिखलात शिंगाडा लावायची, पावसाळ्यात ढिवराच्या पोरांनी मासे धरायची बोडी, तीही टँकच. पूर्व विदर्भातले सहा-सात हजार तलाव, कोहळी लोकांनी जमिनीचा उतार नजरेने जोखून बांधलेले, पुढे मालगुजारांच्या नावावर गेलेले. मालगुजारी कायद्याने मोडली तेव्हा तेही सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'चे मामा तलाव झाले. इंग्रजी कागदावर त्यांनाही टँक म्हणतात आणि त्यापुढे फक्त सिंचनक्षमतेचा आकडा असतो. टँक म्हणजे पात्र, त्यात पाणी किती मावते एवढेच त्याला विचारायचे. तलावाला मात्र पाळ असते, पाळीवर झाडे असतात, पाळ फुटू नये म्हणून पावसाळ्यात रात्री जागणारी माणसे असतात, सांडव्याचे पाणी खाली कोणाच्या बांधीत आधी जाणार याचे ठरलेले क्रम असतात. हे सगळे त्या एका शब्दात मावले नाही, म्हणून हिशेबातून गेले.

तेव्हा इंग्रजी टँकशी भांडायचे असेल तर जरूर भांडा. तलावाला टँक म्हणू नका, बोडीला टँक म्हणू नका, अंबाळ्याच्या पाटीवर टँक लिहू नका. त्या भांडणात मी तुमच्याबरोबर पहिल्या रांगेत उभा राहीन. पण तुम्ही टँकला सोडून टाकीवर धावून जाता आहात, आणि तिच्या जागी जलकुंभ आणून बसवता आहात.

जलकुंभ हा शब्द वाईट नाही. पण कुंभ म्हणजे घडा. एका माणसाने कडेवर घ्यावा, मंगल कलश म्हणून पुजावा, असा. लाख लिटरच्या सिमेंटच्या खांबांवरच्या बांधकामाला कुंभ म्हटले की शब्दाचा अर्थ फुटतो. आणि त्या शब्दाला मराठी बोलीत कुठे धागा नाही. टाकी भरली, टाकी वाहिली, टाकी फुल केली, टाकीत शेवाळ आले, टाकीवर चढला, हे सगळे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. जलकुंभ वाहिला, असे मी कोणाच्या तोंडून अजून ऐकलेले नाही. ज्या शब्दाला रोजची क्रियापदे चिकटत नाहीत, तो पाटीवर राहतो, घरात येत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवला तो दरबारच्या फारसी शब्दांसाठी. पाथरवटाच्या आणि पाणक्याच्या तोंडातले शब्द त्यांनी बदलायला घेतले नव्हते. गडावर त्यांच्याच माणसांनी टाकी खोदली आणि त्यांना टाकीच म्हटले.

सभेनंतर चार दिवसांनी मी त्या गुरुजींच्या घरी गेलो. आज्ञापत्राची प्रत बरोबर घेतली होती. ते पान त्यांनी चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून वाचले. मग वही आणली, 'जलकुंभ'खालच्या त्या दोन रेघा बघत बसले. म्हणाले, "पण टाके वेगळे आणि टाकी वेगळी, हे आजकालच्या पोरांना कुठे कळते? तो फरक तर गेलाच ना?"

मी उत्तर द्यायच्या आत मागच्या अंगणातून त्यांच्या सूनबाईंचा आवाज आला. न्हाणीजवळ जमिनीत सिमेंटचे चौकोनी टाके होते, नळाचे पाणी त्यात पडत होते आणि मोटर ते गच्चीवर चढवत होती.

"बाबा, मोटर बंद करा! टाकं खाली झालं, टाकी अर्धीच भरली!"

गुरुजी वही तशीच उघडी ठेवून बटणाकडे गेले.